खालच्यांनी बोलायचं नाही

विश्रांतवाडीची आम्रपाली अकरावीत आहे, आणि तिला पाहून कोणालाही वाटणार नाही की ही मुलगी कशाला घाबरत असेल. उंच, रुंद खांद्यांची. जिना चढायला लागली की तिसऱ्या मजल्यावर कळतं कोण आलं ते. शाळेत कबड्डीचे सर तिच्यावर टपून बसले होते, पण बाईसाहेब गेल्या चीअरलीडिंगला. घरचे बुचकळ्यात पडले. त्यांच्या लेखी चीअरलीडर म्हणजे क्रिकेटच्या सामन्यात चौकार गेला की नाचणाऱ्या बायका. वडील अभय सरकारी कचेरीतले सावध गृहस्थ, त्यांनी एकदा स्वारगेटजवळच्या हॉलमध्ये येऊन तासभर सराव पाहिला आणि बाहेर पडल्यावर एवढंच विचारलं, "अगं, पण पडलीस म्हणजे?"

"मी नाही पडत, पप्पा. मी धरते."

खरंच होतं ते. संघात तिची जागा खालची. दोघी मुलींनी समोरासमोर उभं राहायचं, तिसरीचे पाय तळहातांवर घेऊन तिला डोक्याच्या वर उभं करायचं, चौथीने मागून घोटे धरून आकडे म्हणायचे. मग वरचीला खांद्यापर्यंत आणून वर फेकायचं आणि खाली येताना झेलायचं. वरची हवेत हसते, टाळ्या तिला मिळतात. खालच्या दोघींकडे कोणी पाहत नाही आणि फोटोत त्या नेमक्या कापल्या जातात. आम्रपालीला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते टी-शर्टचं. संघासाठी मागवलेल्या सगळ्या मापांत तिचं माप कधीच नसायचं, आणि दर वर्षी आई दोन्ही बाजू उसवून कापडाची पट्टी जोडून द्यायची.

संघाला शिकवणारे केदार सर माणूस वाईट नव्हते. स्वतः पहाटे येऊन मॅट झाडायचे. पण जीभ अशी, की समोरच्याने हसावं की रडावं ते कळू नये. दर शनिवारी ते हॉलच्या दाराशी वजनकाटा ठेवत आणि फक्त वरच्या मुलींना त्यावर उभं करत. "जेवून आलात की पंगत उठवून आलात?" असं विचारत. आम्रपाली एकदा चुकून रांगेत उभी राहिली तेव्हा म्हणाले, "तू कशाला? इमारतीच्या पायाचं वजन करतं का कोणी?" सगळे हसले. आम्रपालीही हसली. हसण्यावारी नेलेलं बोलणं जास्त लागतं, हे सांगणार कोणाला?

सरांचा आणखी एक नियम होता. आकडे मागचीने म्हणायचे. वरचीला भीती वाटली तर "खाली" हा शब्द तिने म्हणायचा. खालच्यांनी तोंड उघडायचं नाही. जी उघडेल ती संघाबाहेर. नियम ऐकायला शहाणा वाटतो. पण जी वरची दोनदा "खाली" म्हणे, तिची जागा तिसऱ्या दिवशी दुसरीला मिळे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

वरची होती धायरीची तेजस्विनी. लहान चणीची, हसरी, जिभेवर साखर. आम्रपालीला आधी तिचा हेवा वाटे. तो दिवाळीनंतर संपला, कारण दिवाळीनंतर तेजस्विनीची टाच तिच्या तळहातावर थरथरायला लागली.

पहिल्यांदा तिला वाटलं, थंडी असेल. मग वाटलं, आपलाच हात थरथरतोय. या विचाराने तिची झोप उडाली. एक मुलगी आपल्या हातांवर उभी आहे आणि हात दगा देतायत, याच्याइतकं भयंकर काय असणार? ती घरी पाण्याने भरलेली बादली हात ताठ ठेवून धरून बघू लागली. हात हलत नव्हते. म्हणजे टाचच हलत होती.

"तेजू, बरं वाटतंय ना तुला?"

"उपास आहे गं आज. सोमवार."

गुरुवारीही उपास निघाला. पुढच्या मंगळवारी संकष्टी. डब्याच्या वेळी सगळ्या गोल करून बसत, तेव्हा तेजस्विनी नुसती पाण्याची बाटली घेऊन बसे. आपल्या पुण्यात "उपास आहे" म्हटलं की विषय संपतो. उलट लोक कौतुकाने मान डोलावतात. आम्रपालीला तर विचारायचीही सोय नव्हती. तिच्या पणजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले उपास संपले होते, आणि दुसऱ्याच्या देवाधर्मात नाक खुपसायचं नाही ही घरची शिस्त होती. आपण काही बोललो आणि तिला लागलं तर? म्हणून ती गप्प बसली. चांगुलपणानेच गप्प बसली, आणि तिथेच चुकली.

शुक्रवारी तेजस्विनी म्हणाली, एकादशी. त्या संध्याकाळी शेजारच्या गोदाबाई जिन्यात भेटल्या. गोदाबाईंना वर्षाचे सगळे उपास तोंडपाठ. आम्रपालीने सहज विचारलं, "काकू, आज खिचडी का?"

"आज? आज कसली खिचडी?"

"एकादशी ना? मंगळवारी संकष्टी झाली..."

"मंगळवारी संकष्टी बरोबर, अंगारकीच होती. पण तीन दिवसांत एकादशी? कोण म्हणालं? पंचांग घरीच छापतात वाटतं त्यांच्याकडे! आणि एकादशी असली तरी माणूस साबुदाणा, रताळं काहीतरी खातोच की गं."

आम्रपाली जिन्यातच बोटांवर मोजू लागली. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. मग ही पोरगी जेवते कधी?

दुसऱ्या दिवशी स्वारगेटच्या बसथांब्यावर तिने तेजस्विनीला गाठलं. तेजस्विनी आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. "घरी सांगते हॉलवर खाल्लं, हॉलवर सांगते उपास. दिवाळीनंतरच्या शनिवारी काटा दीड किलोने वर गेला, आमू. सर म्हणाले, स्पर्धेपर्यंत उतरव, नाहीतर दुसरी तयार आहे. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. तुला माझी शपथ, बोलू नकोस."

"आणि पडलीस तर?"

"तू धरशील ना!"

ते वाक्य तिने लाडाने म्हटलं, पण आम्रपालीच्या अंगावर काटा आला. शपथ मोडून ती सोमवारी सरांकडे गेली. नाव न घेता म्हणाली, "सर, वरच्या मुली नीट जेवत नाहीयेत."

सर यादी तपासत होते. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "बरं झालं. त्यांच्या वाटचं तू जेवू नकोस म्हणजे झालं. वर काय चाललंय ते मी बघतो. तू खालचं बघ."

आम्रपाली परत फिरली. तिचे कान तापले होते, आणि ती स्वतःवरही चिडली होती. नाव घ्यायला हवं होतं. पण नाव घेतलं असतं तर तेजूची जागा गेली असती. इकडे आड, तिकडे विहीर.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. समोरची खालची मुलगी पायल कानात कुजबुजली, "तुझा चेहरा बघ, परीक्षकच घाबरतील." आम्रपालीला हसू आलं नाही. संगीत सुरू झालं. पहिली दोन मिनिटं कशीबशी सुरळीत गेली. मग शेवटची उचल आली. मागचीने आकडे म्हटले, तेजस्विनी वर गेली, दोन्ही हात पसरून उभी राहिली. सभागृह टाळ्यांनी भरून गेलं.

टाच थरथरत होती. मग एकदम थरथर थांबली.

आम्रपालीला त्याचीच जास्त भीती वाटली. पायातला जोर निघून गेला होता; हातावर नुसतं वजन उरलं होतं. मान वर करून पाहिलं तर तेजस्विनी हसत होती, पण डोळे कुठेच बघत नव्हते. आता सातच्या आकड्यावर तिला फेकायचं होतं. मागची म्हणाली, "पाच, सहा..."

"खाली!" आम्रपाली ओरडली. "पायल, खाली घे!"

पायलने विचार केला नाही, हात आपोआप खाली आले. तेजस्विनी तिघींच्या अंगावर कोसळली आणि चौघी मॅटवर बसल्या. संगीत चालूच होतं. मग तेही थांबलं.

पडद्यामागे केदार सर पांढरेफटक पडले होते. आवाज मात्र अगदी शांत होता. "कोण बोललं? वर्षभराची मेहनत एका शब्दात घालवली. कोण?"

आम्रपालीने हात वर करायला घेतला. संघ संपला, टी-शर्ट संपला, सगळं संपलं. तिला ठाऊक होतं. तेवढ्यात शेजारी भिंतीला टेकून बसलेली तेजस्विनी बोलली. एरवी इतकं शहरी बोलणारी ती पोर, त्या वेळी तिच्या तोंडून घरची भाषा निघाली.

"म्या बोलले, सर. वरनं मला कायबी दिसंना झालं हुतं."

"तू? आणि हे कधीपासून?"

"तुमी मला काट्यावर उभं केलं, त्या शनिवारपास्नं. जेवलेच न्हाई म्या."

सरांच्या हातातली यादी खाली पडली. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही. पायल पाणी आणायला धावली. आणि आम्रपाली, जिने दीड महिना सगळं गिळून ठेवलं होतं, ती सभागृहभर ऐकू जाईल अशी रडायला लागली. "सर, अजून एक आकडा झाला असता," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अजून एकच आकडा झाला असता, तर मी हिला फेकली असती."