उजेडाने आग विझवणारा व्हर्लिन

आमच्या उत्तर डकोटातल्या गावात मूर्खांची टंचाई कधीच नव्हती. पण व्हर्लिन ट्वेटन निवृत्त झाला आणि गाव त्या बाबतीत स्वयंपूर्ण झालं.

नोकरी धान्याच्या कोठारावर, हौस आगीच्या बंबाची. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर तो अशा रुबाबात बसे, की आग जणू त्याच्याच स्वागताला लागली आहे. मग गुडघे गेले. बंबाची प्रमुख म्हणजे त्याचीच पुतणी, डार्ला. ती म्हणाली, "काका, आता घरी बसा." त्या दिवसापासून व्हर्लिनला पाणी या वस्तूचाच तिटकारा आला.

"पाणी आजोबांच्या काळातलं! लेझरनं ज्योत बुडापासून कापायची. ज्योत वर, लाकूड खाली. संपली आग!"

"आणि कापलेली ज्योत काय खिशात घालणार?" डार्ला म्हणाली. "अहो, त्या यंत्रानं पत्रा कापतात. त्यानं आग विझवायची म्हणजे रॉकेलनं तोंड धुवायचं!"

पण त्यानं ते यंत्र कुठूनसं जुनं मिळवलंच. आमच्याकडे पडकी घरं बंबवाल्यांना सरावासाठी जाळायला देतात आणि गाव खुर्च्या घेऊन बघायला जमतं. व्हर्लिननं आपली कोंबड्यांची शेड दिली. अट एकच: पहिला वार लेझरचा, आणि आग विझली तर सीट परत.

"दिली," डार्ला म्हणाली. हसू आवरायला तिनं तोंडात बिस्किट कोंबलं.

अंगणातल्या विजेच्या खांबावरच्या पेटीत यंत्राची पिन खोचली गेली. शेड पेटली. धूर पाहताच व्हर्लिन लंगडत खांबाकडे गेला, खटका खाली ओढला, परत आला, काळा चष्मा चढवला आणि सेनापतीसारखं बटण दाबलं.

यंत्र ढिम्म.

"वीज कोणी तोडली?" तो गरजला. सगळ्या गावानं त्याच्याकडेच बोट दाखवलं.

बंबावर त्याचं कामच ते होतं: आगीवर पाणी मारण्याआधी खटका ओढून वीज तोडायची. नव्या पोरांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. ती पोरं थेट नळी घेऊन धावायला निघाली होती. डार्लाचं हसू तिथंच थांबलं. पाणी मारून शेड विझल्यावर ती त्याच्याजवळ आली.

"काका, डोकं कामातून गेलंय, पण हात शाबूत आहे. उद्यापासून पुढच्या सीटवर बसा. डोकं तेवढं घरी ठेवून या."

तो बसतो. डोकंही बरोबर आणतो. वाटभर लेझरचं पुराण चालू असतं, आणि मागच्या सीटवरचे लोक आग जवळच लागलेली असू दे म्हणून प्रार्थना करतात.