बारा चक्क्यांच्या गाडीखाली

चौथीला सगळे विषय एकच बाई शिकवते. मराठी तीच, गणित तीच, इंग्रजी आणि परिसर अभ्यासही तीच, आणि कार्यानुभवाच्या तासाला कागदाच्या टोप्या करत बसणारीही तीच. हायस्कुलात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना माझी कीव येते. मला मात्र यात नेहमी मजाच वाटायची. घंटा झाली म्हणून पाठ अर्धवट सोडावा लागत नाही, आणि एका विषयातलं दुसऱ्यात घालता येतं. कशात काय घातल्यावर काय होऊन बसतं, हे मात्र कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. प्रशिक्षणातलं मला आठवतं ते बहुतेक जेवणच.

आमची शाळा वाडीला, अमरावती रोडपासून थोडी आत. कुंपणाच्या मागे गोदामांची रांग आणि गोदामांपुढे दिवसभर ट्रक लागलेले. वर्गातली बरीच मुलं हमालांची आणि ड्रायव्हरांची. भाड्याच्या एका खोलीत राहणारी, पण कुठली गाडी कुठून आली हे लांबूनच सांगणारी. तेव्हा मी भारताचा नकाशा नंबरप्लेटवरूनच शिकवायला घेतला. पाटीवरची पहिली दोन इंग्रजी अक्षरं वाचायची, राज्य ओळखायचं आणि नकाशात बोट ठेवायचं. ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचलं की भाषेचा तास, टायर मोजले की गणिताचा.

पाढेसुद्धा या मुलांनी गोदामातून आणले होते. माल भरून मागचा फाळका लावला की हमाल गाडीच्या अंगावर दोनदा थाप मारतो, म्हणजे निघा. बापांचं बघून पोरंही बाकावर तशीच थाप मारायची. मी रागावायचं सोडून त्यांना त्याच तालावर पाढे म्हणायला लावलं. बारा एके बारा, थाप थाप. अख्खी शाळा हलायची. शेजारच्या वर्गाच्या बाई दार लावून घ्यायच्या आणि मी खुशाल हसायचे.

मी स्वतः चौथी पास झाले ती जीव मुठीत धरून. आमच्या घरी मागावरचं काम होतं, वडिलांना शाळेतलं काही कळत नसे आणि गुरुजींच्या छडीला सगळंच कळत असे. त्यामुळे माझ्या वर्गात कुणी भ्यायचं नाही, असं मी नोकरी लागली तेव्हाच ठरवलं होतं. चुकलं तर चुकू द्या, पण बोला. ऐकीव लिहू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहा. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की मुलं माझी नक्कल करताना नेमकं हेच म्हणायची.

हे सगळं सगळ्यात मनावर घेतलं होतं एका मुलीनं. तिचे वडील मागच्याच गोदामात हमाल. मुलगी हाडकुळी, बोलायला कमी आणि भलती चिवट. पाठात लिहिलंय की झाडाची मुळं पाणी ओढतात, तर हिने शाळेतलं गुलबक्षीचं रोप उपटून पाहिलं. मी बागेची नासधूस झाली म्हणून ओरडले नाही. उलट वर्गापुढे तिचं कौतुक केलं.

त्या शनिवारी दप्तराविना शाळा होती. सकाळची वेळ, हिवाळा सरत आलेला. मुख्याध्यापकांना सांगून मी वर्गाला मागच्या गोदामापुढे घेऊन गेले. तिथे एक ट्रक भरून उभा होता. क्लीनर चहाला गेलेला दिसला. केबिनमध्ये ड्रायव्हर आडवा झाला असेल, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी मुलांना टायर मोजायला सांगितले. त्यांना मोजायची गरजच नव्हती. या गाडीला सगळे बारा चक्काच म्हणतात, तेव्हा बारा, असं म्हणून सगळ्यांनी लिहून टाकलं. मग उत्साहाच्या भरात कुणीतरी पाढा सुरू केला. बाकं नव्हती, म्हणून थापा ट्रकच्या अंगावर पडल्या.

मला फोटो काढायचा होता. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो पडल्याशिवाय उपक्रम झाला असं आमच्याकडे धरत नाहीत. मी मागे सरकून मोबाईल धरला, चेहरे पाहू लागले आणि त्यात ती दिसेना. नेमकं तेव्हाच इंजिन सुरू झालं.

मुलं दचकून पांगली. मी तिला हाक मारली, दुसरी मारली, इंजिनच्या आवाजात माझी मलाच ऐकू आली नाही. मग मागच्या चाकांच्या मधे निळ्या फ्रॉकचं टोक दिसलं. मागची चाकं जोडीजोडीनं असतात आणि आतली चाकं बाजूनं दिसत नाहीत. ती आतली मोजायला खाली शिरली होती.

मी जमिनीवर आडवी झाले. डांबर, डिझेलचा वास, आणि त्या अंधाऱ्या जागेत ती उकिडवी बसलेली, वही छातीशी धरून. हात पुरत नव्हता. मी म्हटलं, बाहेर ये. ती हलली नाही. मला वाटलं पोरीची बोबडी वळली. पण नाही, ती बोलली, अगदी वर्गात उत्तर द्यावं तशी.

"मॅडम, गाडी चालू राहिली त जागचं हलाचं नाही. तुम्हीच त सांगतलं होतं."

सांगितलं होतं. वाहतुकीच्या पाठात, बसमध्ये बसल्यावर कसं वागायचं ते शिकवताना सांगितलं होतं, आणि शाबासकी देऊन पाठ करून घेतलं होतं. मी शिकवलेलं सगळं तिच्या डोक्यात नीट होतं, एक अक्षर चुकलेलं नव्हतं, आणि त्यानंच ती तिथे बसून होती. एवढी भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती, छडीचीसुद्धा नाही. त्या भीतीत माझी शाळेतली भाषा गळून पडली.

"ये वं माय," मी म्हणाले, "माह्याकडे ये. माहं चुकलं सांगाचं."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. बाईचं चुकतं, हे तिला नवीन असावं. मी तशीच सरपटत आत गेले, तिचं मनगट धरलं आणि ओढलं. फ्रॉकची बाही टरकन फाटली. आम्ही दोघी बाहेर येऊन पडलो, तोच ब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज झाला आणि गाडी हलली. जराशीच. मुलांची रडारड ऐकून ड्रायव्हरनं लगेच ब्रेक दाबला. तो खाली उतरला, आम्हाला पाहून पांढराफटक पडला आणि पायरीवरच बसला.

"थाप मिली थी मेरेको, मॅडम," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "डबल थाप."

सोमवारी प्रार्थनेच्या आधीच तिचे वडील आले. मी रविवार कसा काढला ते माझं मला माहीत. ते ओरडतील, वर तक्रार करतील, मुलीचं नाव काढून नेतील, अशी सगळी तयारी मी मनाशी करून ठेवली होती. ते कामाच्या कपड्यांतच होते. व्हरांड्यात येऊन त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"मॅडम, तुम्ही तिले वाचाले शिकवलं, मोजाले शिकवलं," ते म्हणाले. "आता भ्याले बी शिकवा जराक."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ते कामाला गेले आणि मी वर्गात आले. भ्यायला कुठल्या तासाला शिकवायचं, हे मात्र मला सुचेना.

शिकवावं लागलंच नाही. ती रोज येत होती, पण बोट वर करत नव्हती. फळ्याकडे बोलावलं तर मान हलवायची. मधल्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून बसायची. मला ते बघवत नसे. जे मी इतकी वर्षं मुलांच्या मनातून काढत आले, ते तिच्यात जाऊन बसलं होतं, आणि ते काढावं की राहू द्यावं हेही मला कळत नव्हतं.

एकदा अपूर्णांक शिकवत होते. कुंपणापलीकडे कुठल्याशा गाडीनं हवा सोडली, तोच फुस्स आवाज. माझा हात फळ्यावर थांबला. मुलं वाट पाहत राहिली. मला पुढचा आकडा लिहिता येईना. मी मागे वळले तर ती माझ्या हाताकडे बघत होती. बऱ्याच दिवसांनी ती वर्गात बोलली.

"मॅडम, तुम्हाले बी भेव लागते का?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खडू ठेवून दिला.

"लागते," मी म्हणाले.

तिने वही उचलली, बाकावर जराशी सरकली आणि माझ्यासाठी जागा केली. मी जाऊन तिच्याजवळ बसले.