राघोत्तमरावांनी अडवलेला रिपोर्ट

२००४ साली मी सांगलीहून चेन्नईला आले आणि नुंगंबाक्कमच्या एका माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून रुजू झाले. डिग्री नवी, सहीचा अधिकार नवा. मला आकाश ठेंगणं झालं होतं. हाताखाली राघोत्तमराव होते. तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी. शिक्षण दहावी, काम नमुने लावून ठेवण्याचं. वयानं माझ्या वडिलांएवढे, तरी मला 'अम्मा' म्हणत.

त्या उन्हाळ्यात तांबरमच्या पलीकडून अलमेलू नावाची बाई कालव्याच्या पाण्याची बाटली घेऊन आली. अर्ध्या एकरात ती पालेभाजी लावायची. विहीर तळाला गेली होती. कालव्याचं पाणी शेतात सोडू की नको, एवढंच तिला विचारायचं होतं. मी तपासलं. क्षार बेताचे, सोडियमही बेताचं. 'सिंचनास योग्य' असं लिहून झोकात सही ठोकली.

राघोत्तमरावांनी बाटली उजेडात धरली.

"अम्मा, तो कालवा मला ठावा आहे. कारखान्यांचं अस्कं, सगळंच्या सगळं घाण पाणी त्यातच येतं. हे फार बरं दिसतंय."

"मग काय, मशीन खोटं बोलतं?" मी फणकारले.

"मशीन नाही. बाटली."

रिपोर्ट हातातच ठेवून ते बाहेर बाकावर बसलेल्या अलमेलूकडे गेले आणि बाटली कशी भरली, ते तमिळमध्ये विचारलं. मीही मागोमाग गेले; कामापुरतं तमिळ मला कळू लागलं होतं. त्यांना मानानं 'अय्या' म्हणत ती अभिमानानं म्हणाली, "ते काळं पाणी ऑफिसरांच्या हातात कसं द्यायचं अय्या? म्हणून निम्मं टँकर-लॉरीचं प्यायचं पाणी घातलं."

घरच्या घागरीतलं पाणी! त्या टंचाईत ते तिनं आमचा मान राखायला ओतलं होतं. मला हसू आलं, आणि लगेच माझी नजर राघोत्तमरावांच्या हातातल्या रिपोर्टवर गेली.

दुसऱ्या दिवशी राघोत्तमराव स्वतः लोकलनं तिच्याकडे गेले. बाटली कालव्याच्याच पाण्यानं तीनदा विसळून भरून आणली. क्षार मर्यादेच्या दीडपट निघाले, सोडियम त्याहून वाईट. मी पहिला रिपोर्ट फाडला. नव्यावर 'अयोग्य' लिहिलं.

"सरी, बरं झालं. आता सही करा," एवढंच ते म्हणाले. विहिरीला झेपेल तेवढेच वाफे ठेव, असं त्यांनी अलमेलूला समजावलं. ती रडत गेली.

पाऊसकाळ उलटल्यावर अलमेलू परत आली, हातात माठाच्या भाजीची जुडी घेऊन. शेजाऱ्यानं कालव्याचं पाणी सोडलं होतं. त्याच्या जमिनीवर पांढरा थर आला होता, माती दगडासारखी झाली होती. तिचं शेत हिरवं होतं. ती सरळ माझ्या पायांवर वाकली.

"अम्मा, तुमच्यामुळे जमीन वाचली. माझी चूक तुम्ही पकडलीत, असं अय्यांनी सांगितलं."

मी राघोत्तमरावांकडे पाहिलं. ते मान खाली घालून लेबलं चिकटवत होते. या माणसाचे उपकार कशानं फिटायचे?

मी अलमेलूला उठवलं, त्यांच्यापुढे नेलं आणि म्हणाले, "पाया पडायचं तर यांच्या पड. थांब, आधी मी पडते."