शिगेच्या छतावरचा बर्फ

शिगे ओनोझुका अठ्ठ्याहत्तर वर्षांची. उओनुमाच्या डोंगरातल्या वाडीत लग्न होऊन आली त्या हिवाळ्यापासून छतावरचा बर्फ तीच उपसत होती. नवरा होता तेव्हाही तीच, कारण त्याचं फावडं तिला पसंत नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भात रांधला, तिथंही भाताला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. स्वभाव म्हणजे स्वभाव.

गेल्या हिवाळ्यात ती छतावरून घसरली. खालच्या ढिगात पडली म्हणून वाचली आणि बर्फातूनच ओरडली, "बघता काय, फावडं शोधा!" तिच्या लेकाला मात्र हसू आलं नाही. आईकडून वचन घ्यायचं काम त्याने शहाण्यासारखं बायकोवर ढकललं. सून मिनाको दक्षिणेकडच्या उबदार किनाऱ्यावरची, पण बोलायला खमकी. "आई, पुन्हा वर चढलात तर सरळ आमच्याकडे चिबाला, अकराव्या मजल्यावर." शिगेने मान डोलावली. अकराव्या मजल्याचा तिने धसकाच घेतला होता.

यंदा फेब्रुवारीत दोन दिवसांत प्रचंड बर्फ पडला. छत साफ करणारी माणसं रविवारशिवाय येणार नव्हती. मिनाको रोज फोनवर विचारायची, "किती झाला?" छतावर खुणांची काठी रोवलेली होती. शिगे अंगणातून बघून आकडा सांगायची. मंगळवारी एकशेवीस सेंटिमीटर. गुरुवारी शंभर. शुक्रवारी पंच्याऐंशी.

शनिवारी सकाळी मिनाको रिकामी बॅग घेऊन दारात हजर झाली. पुढचं सरकतं दार काही केल्या सरकेना.

"मागून ये," शिगे आतून म्हणाली. "ते कालपासून अडकलंय."

मिनाकोने चहासुद्धा घेतला नाही. "ऊन नाही, पाऊस नाही, वर थंडी मरणाची. मग पस्तीस सेंटिमीटर बर्फ गेला कुठे? आई, चढलात ना तुम्ही?"

"मी नाही. तो आपला आपण बसला."

"बर्फ बसतो?"

"नव्या गादीचा कापूस बसतो ना, तसा. कापूस काय कमी होतो? उलट रोज रात्री चार बोटं नवा पडतोय. ती शिडी घे आणि बघ. माझ्या पावलाचा ठसा दिसला तर मीच बॅग भरते."

मिनाको शिडी चढली. वर ठसा नव्हता, फावड्याची खूण नव्हती. तिने फावडं खुपसून थोडा बर्फ उचलायला घेतला. वरचा भुरभुरीत थर उडाला, पण खालचा हातभर तुकडा दोन्ही हातांनी रेटूनही हलेना. वरच्या भाराने चौकट दबून दार अडकलंय हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"आई, एवढ्या ओझ्याखाली तुम्ही चार दिवस झोपलात?"

"वर चढायचं नाही असं तूच वदवून घेतलंस."

"मग फोनवर सांगायचं तरी!"

"तू उंची विचारलीस, मी उंची सांगितली. वजन कुठे विचारलंस?"

मिनाकोला रडू आलं आणि रागही. त्या भरात ती शिडी सोडून छतावर चढली. "सांगा, कुठून सुरू करू?"

शिगे खाली शिडी धरून उभी होती. साठ वर्षांत ती कितीदा वर गेली असेल, पण खाली उभं राहायची पाळी कधी आली नव्हती. सुनेचा एक पाय घसरला, सावरला, आणि शिगेने शिडी दोन्ही हातांनी आवळून धरली. ही भीती तिला अगदीच नवीन होती.

"सूनबाई, उतर."

"का? तुम्ही तर रोज चढायचात."

"उतर म्हणते ना. पाया पडते तुझ्या."

सासूच्या तोंडून हे शब्द मिनाकोने कधी ऐकले नव्हते. ती हळूच उतरली. शिगेने तिचं मनगट घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"आजची रात्र शेजाऱ्यांकडे काढू," शिगे म्हणाली. "उद्या माणसं येऊन उपसतील. मी खालून बघेन."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही खालूनच. पण इथल्या अंगणातून, तुझ्या अकराव्या मजल्यावरून नाही."

"बरं," मिनाको म्हणाली. "पण फोनवर आता दार सरकतंय का तेही विचारणार."