अल्लाबक्षच्या आऱ्याचं नवं गाईड

आष्ट्याच्या बाजाराच्या मागच्या अंगाला अल्लाबक्षचं पत्र्याचं शेड आहे. आत बँडसॉ. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून पट्ट्यासारखं फिरणारं दातेरी पातं. गाव त्याला नुसता आरा म्हणतं. अल्लाबक्षच्या भुवया दिवसभर भुशाच्या असतात. माणूस मूळचा कोणत्या रंगाचा, ते संध्याकाळी अंघोळीनंतर कळतं. तो लाकडांशी बोलतो. सागवानाला अहो-जाहो करतो, बाभळीला शिव्या देतो.

गेल्या उन्हाळ्यात पातं भरकटायला लागलं. रेघेवर धरलेला काप मधेच वाकडा जायचा. एकदा तो वाकडा जाताना फळी उसळली आणि अल्लाबक्षच्या करंगळीचं नख गेलं. त्याच्या बायकोनं, अख्तरबीनं, हळद दाबली, चिंधी बांधली आणि म्हणाली, "बस झालं. भंगारवाल्याला बोलावते."

"नवं गाईड बसवतो. तरी वाकडं गेलं तर खुशाल बोलव."

"जबान दिलीत हां."

गाईड म्हणजे पात्याला दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून आवरून धरणारा आधार. आजवर त्यानं तेलात भिजवलेले बाभळीचे ठोकळे वापरले होते. आता पुण्याच्या पुतण्यानं, अजहरनं, बेअरिंगचं गाईड पाठवलं. ते भलत्याच कंपनीचं; भोकाला भोक जुळेना. अल्लाबक्षनं लोखंडी पट्टी कापली, भोकं पाडली, कानशीनं घासली आणि गाईड बसवलं. मग ठोकळे लावायचे तसेच बेअरिंग पात्याला घट्ट चिकटवले. लाकूड घासून घासून आपली जागा आपण करून घेतं. लोखंड करत नाही, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

आरा सुरू झाला आणि किंचाळला. जळका वास आला, पातं निळं पडलं आणि फाटदिशी तुटलं.

अख्तरबी ओल्या हातांनी मागच्या घरातून धावत आली. तिनं आधी त्याची बोटं पाहिली, मग तुटलेलं पातं. तशीच आत गेली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

ओंडक्यावर बिराप्पा बसला होता. जतकडचा, बैलांचा नादी. नव्या जुवासाठी लाकूड कापून घ्यायला आलेला.

"भाई, तुमच्या दावणीला बैल न्हाई ते बरं हाय."

"का रं?"

"गळ्याचा पट्टा कोण असा आवळतं व्हय? आत बोटं सरकली पायजेत. बैल नीट चालतोय तवर पट्टा टेकत न्हाई. वाकडा निघाला, की टेकतो."

"हे लोखंड हाय गड्या. बैल न्हवं."

"मग मगाशी लाथ कुणी मारली?"

अल्लाबक्ष हसला नाही. त्यानं बेअरिंग बोटानं फिरवून पाहिले. मग म्हणाला, "एसटीचं तिकीट हाय काय खिशात?"

त्यानं दुसरं पातं चढवलं. पातं आणि बेअरिंग यांच्यामध्ये तिकिटाचा कागद धरला, स्क्रू आवळला, कागद ओढला. अलगद निघाला. दुसऱ्या बाजूला तसंच, पाठीमागेही तसंच. दाते बेअरिंगला लागणार नाहीत एवढं गाईड मागे घेतलं. चाक हातानं फिरवून पाहिलं. पातं फिरत होतं, बेअरिंग गप्प होते.

"अख्तरबी," त्यानं हाक मारली. "ये. बघून घे."

ती दारात येऊन उभी राहिली. आरा सुरू झाला. बिराप्पाचं लाकूड रेघेवरून पुढे सरकलं. मधे गाठ आली, तेव्हा बेअरिंग क्षणभर गरगरले आणि थांबले. पातं रेघ सोडून गेलं नाही. आरा बंद झाल्यावर शेडमध्ये बारीक भुसा उडत राहिला.

अख्तरबीनं फळी उचलली, एक डोळा मिटून कडेकडेनं नजर फिरवली. तिला असं बघता येतं, हे अल्लाबक्षला ठाऊक नव्हतं.

"सरळ हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तुमचा आरा."

"शुक्र अल्लाचा!"

"पर बटण माझ्याकडं."

तिनं स्टूल ओढलं आणि बटणाशेजारी ठाण मांडलं.

"भाभी, आता भाईंचा मालक बदलला म्हणायचं," बिराप्पा म्हणाला.

"अगं, आणि स्वयंपाक?" अल्लाबक्षनं विचारलं.

"तवर आरा बंद."

तो पुटपुटला. दुसरी फळी रेघेवर लावली आणि म्हणाला, "लाव."

तिनं लगेच लावलं नाही. वाकून त्याची बोटं कुठं आहेत ते पाहिलं.

"आणखी मागं घ्या," ती म्हणाली.

त्यानं घेतली. मग तिनं बटण दाबलं.