किल्ली कुठंय?

सर्व सुजाण वाचकांना अत्यंत गांभीर्याने, आणि शक्य असल्यास त्यांनी उभं राहून ऐकावं अशा स्वरात, कळवण्यात येतं की इंग्लंडातल्या मेडनहेडमध्ये आमच्या घरापासून तिसऱ्या दारी, एका सुसंस्कृत मराठी कुटुंबाच्या माडीवरच्या चिमुकल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलामागे, एक खरीखुरी दुनळी बंदूक राहत होती. परवान्यासकट.

बंदुकीचे मालक आमचे डॉक्टर. नाव सांगत नाही. ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना एक प्रश्न पुरे. इथल्या मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात एखादं पोर जवळून पळालं की डॉक्टर गुडघ्यावर हात टेकून वाकत आणि अगदी भोळा चेहरा करून विचारत, "किल्ली कुठंय?"

जुनी पोरं तयारीची होती. "मला माहीत नाही, आजोबा."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

मग कुडत्याच्या खिशातून श्रीखंडाची गोळी निघे. नव्या पोरानं "आमची किल्ली मम्मीच्या पर्समध्ये आहे" असं सांगितलं तर त्यालाही गोळी मिळे. त्याच्या बापाला मात्र कोपऱ्यात नेऊन वीस मिनिटांचं व्याख्यान मिळे.

हे वेड उगाच नव्हतं. इथल्या नियमाप्रमाणे बंदूक भिंतीला ठोकलेल्या पोलादी कपाटात, काडतुसं वेगळ्या पेटीत, आणि किल्ली कुठे आहे हे फक्त परवानाधारकाला ठाऊक. बायकोलासुद्धा सांगायचं नाही. काकू म्हणत, "चाळीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट. निदान मला माहीत असलेली."

परवान्याच्या नूतनीकरणाला एक पोलीस अधिकारी आला होता. चहा घेता घेता त्यानं काकूंना सहज विचारलं, किल्ली कुठे ठेवतात हो हे? घरी आलेल्या माणसाला नाही म्हणणं काकूंच्या जिवावर आलं. त्या म्हणाल्या, ते काही मला माहीत नाही, पण चिवडा आणते. अधिकाऱ्यानं कागदावर खूण केली आणि चिवडा दोनदा घेतला.

डॉक्टर जनरल प्रॅक्टिशनर होते. एका शेतकरी पेशंटनं त्यांना मातीच्या चकत्या नेम धरून उडवायचा नाद लावला. हवेत फेकलेली नारिंगी चकती फुटली की हा माणूस दिवाळीतल्या पोरासारखा हसायचा. "बंदुकीनं मी एकही जीव घेतलेला नाही," असं सांगून ते पुढे म्हणत, "औषधांचं विचारू नकोस." दर रविवारी निघण्यापूर्वी ते वरच्या खोलीत दार लोटून आईच्या फोटोसमोर मिनिटभर उभे राहत. या वयात आईला इतकं मानणारा माणूस, म्हणून मंडळातल्या बायका आपापल्या मुलांना त्यांचं उदाहरण देत.

एका दिवाळीनंतर आमच्यातल्या एकाच्या घरी चोरी झाली. मंगळसूत्रापासून पैंजणांपर्यंत सगळं गेलं. पुढच्या बैठकीत पुरुषमंडळी अचानक फार शूर झाली. एक जण डॉक्टरांना म्हणाला, "तुमचं बरं आहे. आला चोर की..."

"आला चोर की मी म्हणेन, बस बाबा. आधी किल्ली शोधतो, मग कपाट उघडतो, मग दुसऱ्या पेटीतून काडतुसं काढतो. तोवर तू चहा घे." सगळे हसले. "आणि परवान्याच्या फॉर्मवर 'स्वसंरक्षणासाठी' एवढं लिहून तर बघा. फॉर्म परत येईल, तुमच्यासाठी पत्र घेऊन."

दुसरा ऐकेना. "माझा मेहुणा टेक्ससला असतो. तो उशाशी ठेवतो. कुणाची हिंमत नाही."

"उशाशी? आणि मुलं कुठे झोपतात?"

"शेजारच्या खोलीत."

"किती पावलं?"

मेहुण्याचा मेहुणा बशीतला चिवडा निवडू लागला. तेव्हा डॉक्टरांनी, चहाचा कप बशीत न ठेवता, आम्हाला एक जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी ते एका लहान गावातल्या इस्पितळात कॅज्युअल्टीला होते. तिथे पाच वर्षांचा मुलगा आणला होता. काकाची बंदूक, आणि गोळी सुटली ती सहा वर्षांच्या मोठ्या भावाच्या हातून. "किल्ली चहापत्तीच्या डब्यात होती. सगळ्या घराला माहीत होतं. मोठा भाऊ सारखा सांगत होता की मी डबा नीट बंद केला होता." एवढं बोलून ते उठले आणि काकूंना म्हणाले, चल.

त्यानंतर मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत त्यांनी एक तास मागून घेतला. टेबलावर प्लास्टिकचं पिस्तूल ठेवायचे आणि पोरांकडून घोकून घ्यायचे: "हात मागे. पाय बाहेर. मग तोंड उघडायचं." म्हणजे बंदूक दिसली तर शिवायचं नाही, खोलीतून निघायचं आणि पहिलं मोठं माणूस दिसेल त्याला सांगायचं. पोरं हात पाठीशी बांधून उलट्या पावली बाहेर जात. मंडळाची नाटकं मी बसवतो, पण माझ्या पात्रांनी कधी इतकी शिस्तीत एक्झिट घेतली नाही. त्यांची नात ईरा तर सगळ्यांत चोख. तिची आई मुग्धा नोकरीला जाई, त्यामुळे ईराचा बराचसा मुक्काम आजी-आजोबांकडेच.

मी चष्म्याचा डॉक्टर. म्हणून पहिली खूण माझ्याच खुर्चीत दिसली. डॉक्टरांनी तक्त्यावरची अगदी खालची ओळ धडाधड वाचली. मग मला म्हणाले, "नंदू, हे काय आहे?"

"अक्षरं आहेत, डॉक्टर."

"ते दिसतंय रे. कशाला लावलीत?"

डोळे उत्तम होते. मी चष्म्याचा जुनाच नंबर लिहिला आणि घरी पाठवलं. पुढच्या वर्षभरात बाकीच्या खुणा सगळ्यांनाच दिसल्या. जूनमध्ये गाडीचं लायसन्स गेलं, तेव्हा डॉक्टर स्वयंपाकघरात बसून रडले. ऑगस्टमध्ये भर दुपारी पार्सल घेऊन आलेल्या माणसाच्या छातीला त्यांनी काठी लावली. चोर आलेत, म्हणाले. काकूंनी त्या माणसाची माफी मागितली, दार लावलं आणि मला फोन केला. "काठी होती रे हातात, म्हणून बरं," एवढंच बोलल्या.

आणि एक दिवस डॉक्टरांनी जेवताना मान वर करून विचारलं, "किल्ली कुठंय?"

ईरानं सवयीनं सांगितलं, "मला माहीत नाही, आजोबा." पण त्यांना गोळी द्यायची नव्हती. ते खरंच विचारत होते.

आता बघा मंडळी, कशी परिस्थिती होती. कपाटात बंदूक, आणि किल्ली जगात एकाच माणसाला ठाऊक, तोही विसरलेला. त्याला आठवायच्या आत आम्हाला ती सापडायला हवी होती. काकूंनी तांदळाचा डबा उपसला, देव्हारा हलवला, साड्यांच्या घड्या मोडल्या. मराठी बाई जिथे जिथे लपवील तिथे सगळीकडे शोधून झालं.

मुग्धाचं म्हणणं सरळ होतं. "आई, पोलिसांना फोन करू. ते येऊन कपाटासकट घेऊन जातील."

"यांच्या दारात पोलीस? अर्धं गाव यांच्या हाताखालून गेलंय. गाडी घेतली, आता ही पण घ्यायची? दसऱ्यापर्यंत थांब ग."

दसऱ्यापर्यंत, कारण दर खंडेनवमीला डॉक्टर बंदुकीची पूजा करत. पूर्वी ते वरच्या खोलीत एकटे, आतून कडी लावून, बंदुकीला कुंकवाचं एक बोट लावत आणि पुन्हा कपाटात ठेवत. आम्हाला फक्त पेढे मिळत.

इथे मी मुग्धाची बाजू घ्यायला हवी होती. मी तिची बाजू घेतली नाही. मला एक प्रवेश सुचला होता. "काकू, खंडेनवमीला ते सवयीनं आपणहून किल्ली काढतील. आतली कडी तेवढी काढून ठेवू. मी समोरच्या टॉवेलांच्या कपाटात लपतो. जागा कळली की संध्याकाळी किल्ली आपल्या हातात. ना पोलीस, ना बोभाटा."

काकूंचा चेहरा कित्येक महिन्यांनी खुलला. "नंदू, हे तुलाच सुचणार."

मुग्धाला आम्ही सांगितलं नाही. ईराला सांगावं लागलं, कारण मी टॉवेलांमध्ये शिरताना तिनं पाहिलं. आजी तिला म्हणाली, नंदूकाका वर आहे हे आजोबांना बोलायचं नाही हं. ईरानं मान हलवली.

शनिवार होता. मुग्धा कामावर. खाली पुरण शिजत होतं, विळी-सुऱ्यांच्या पूजेसाठी पाट मांडला होता. मी टॉवेलांच्या कपाटात, तिथल्याच गरम पाण्याच्या टाकीला पाठ लावून, फटीतून बघत होतो. डॉक्टर सोवळं नेसून खोलीत गेले. दार उघडंच राहिलं. आईच्या फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले, आणि मग तोच हात फोटोच्या मागे गेला. किल्ली. इतकी वर्षं आम्ही ज्याला मातृभक्ती समजत होतो ती ही. टॉवेलांमध्ये तोंड खुपसून मी हसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मी फार खूश होतो.

तेवढ्यात खाली दाराची घंटा वाजली.

डॉक्टरांच्या हातात बंदूक होती. ते वळले. तो चेहरा मी ओळखत नव्हतो. त्यांनी दुसरी पेटी उघडली, दोन काडतुसं काढली, नळ्यांत घातली आणि बंदूक मिटवली. त्या खटक्याचा आवाज अजून कानात आहे. ते माझ्यापासून दोन पावलांवरून गेले. मी नुसतं "डॉक्टर" म्हटलं असतं तर कदाचित थांबले असते. कदाचित माझ्याकडे वळले असते. मी कपाटाचं दार आतून धरून ठेवलं.

पुढचं मी फक्त ऐकलं, बाकी काकूंनी नंतर सांगितलं. ईरा खाली कुंकवाचं तबक घेऊन उभी होती, आणि पार्सलवाल्याला दार तिनंच उघडलेलं होतं. जिन्यावरून डॉक्टरांचा आवाज आला, "कोण आहे?" तबक खाली ठेवल्याचा आवाज आला, टाकल्याचा नव्हे. मग दारात ईराचं इंग्रजी, स्पष्ट, एकेक शब्द सुटा: माझ्या आजोबांच्या हातात बंदूक आहे, तुम्ही इथून जा आणि पोलिसांना बोलवा.

नंतर काकूंचा आवाज आला. पुरणाच्या हातांनी त्या दिवाणखान्याच्या दारात आल्या होत्या. नेहमीसारख्या, जरा त्रासलेल्या सुरात म्हणाल्या, "अहो, किल्ली कुठंय?"

खट्. बंदूक मधून उघडल्याचा आवाज. दोन काडतुसं लाकडी जमिनीवर पडून गडगडत गेली. किल्लीचं नाव निघालं की बंदूक रिकामी करून ठेवायची, हे डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते. पूजेसाठी मांडलेल्या पाटावर त्यांनी बंदूक ठेवली आणि सोवळ्याला नसलेले खिसे ते चाचपू लागले.

तेव्हा मी खाली आलो.

पोलीस आले ते शिरस्त्राणं घालून. म्हातारबुवांना त्यांनी ओल्या हिरवळीवर पालथं झोपवलं. काय करायचं ते त्यांना समजेना, पण हात पाठीमागे घ्या म्हटल्यावर त्यांनी ते लगेच घेतले. ईरा शेजारणीच्या कुंपणापलीकडून बघत होती.

बंदूक गेली, परवाना गेला. डॉक्टर केअर होममध्ये गेले. ईरा दर रविवारी जाई. ते विचारत, "किल्ली कुठंय?" ती सांगे, "मला माहीत नाही, आजोबा." ते खिसे चाचपत. मग गोळी तीच त्यांच्या हातावर ठेवी. एकदा परत येताना गाडीत तिनं आईला विचारलं, की मी सांगितलं म्हणून आजोबांना तिकडे ठेवलं ना? मुग्धानं गाडी बाजूला घेतली आणि मागे तिच्याशेजारी जाऊन बसली.

आणि मी? मी ती गोष्ट सांगत राहिलो. वॉटफर्डच्या गणपतीत सांगितली, वेम्बलीच्या एका डोहाळजेवणात सांगितली. फोटोमागची किल्ली, पार्सलवाला, काकूंचा प्रश्न. रंगवून सांगायचो. टॉवेलांचं कपाट तेवढं गाळायचो. लोकांचा समज झाला की नंदू होता म्हणून त्या दिवशी निभावलं. मी तो खोडून काढला नाही.

या जानेवारीत डॉक्टर गेले. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बोलायला अर्थात मला सांगितलं. मी वेड सांगितलं, चकत्या सांगितल्या, चिवडा सांगितला. लोक हसले, डोळे पुसू लागले. शेवटी मी त्या शनिवारावर आलो. आवाज खाली आणला, एक पाऊल पुढे टाकलं. "आणि त्या क्षणी, मंडळी, मी जिन्यावरून खाली आलो."

 पहिल्या रांगेत ईरा बसली होती. आता दहा वर्षांची आहे. हात पाठीमागे होते. रागावलेली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि ते तिच्या तोंडून सगळ्यांना ऐकू जाईल असं निघून गेलं:

"पण नंदूकाका, तू तर टॉवेलच्या कपाटात होता ना? मग तू तोंड का नाही उघडलं?"