मागाखालचं पाणी

पहार घेऊन लोकांच्या घरात शिरणारा आणि तरीही ज्याची वाट पाहिली जायची, असा माणूस मी एकच पाहिला. खासबागेतल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत त्यांना खड्डेआप्पा म्हणत. विणकराच्या मागाला जमिनीत खड्डा लागतो; त्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. दुष्काळानं हाकललेलं एखादं विणकराचं कुटुंब बोचकी घेऊन गल्लीत आलं, की आप्पा आधी त्यांना खोली मिळवून देत आणि दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला हजर होत. "चूल कुठंबी पेटती. खड्डा पडला की मानूस ऱ्हातोय," असं त्यांचं मत होतं.

आलेल्यांत बरेचसे कानडी बोलणारे. गल्लीतल्या एका शहाण्यानं, म्हणजे मीच, एकदा विचारलं, की आधी आपल्या माणसांचं बघायला नको का? आप्पा खणता खणता म्हणाले, "मास्तर, माग कधी भाषा इचारतोय व्हय?" मी शाळामास्तर, मला उलट उत्तरं ऐकायची सवय नव्हती. पण त्या दिवसापासून गल्लीचे अर्ज मी लिहू लागलो.

अर्ज एकाच गोष्टीचे असत. गल्लीचा खालचा भाग सखल. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी उतरायचं, माग महिनोन्‌महिने बंद पडायचे, आणि नुकती टेकलेली कुटुंबं पुन्हा बोचकी बांधायची. एक गटार हवं होतं. बऱ्याच अर्जांनंतर नगरपालिकेच्या कचेरीतले साहेब भर पावसाळ्यात पाहणीला येणार असा निरोप आला. आता पाहुणा येणार म्हटल्यावर बायका गप्प बसतात होय? पहाटेपासून त्यांनी खड्डे उपसले, राख टाकून कोरडे केले, जमिनी सारवल्या, उंबऱ्याशी रांगोळ्या काढल्या. साहेबांनी चहा घेतला, स्वच्छतेचं कौतुक केलं आणि इथे गटाराची गरज नाही असा शेरा मारून गेले. त्या पावसाळ्यात तीन कुटुंबं गल्ली सोडून गेली.

आप्पा कुणावर रागावले नाहीत. पुढच्या वर्षी खेटे घालून त्यांनी साहेबांना पुन्हा आणलं मात्र, आणि आदल्या दिवशी घरोघर बजावत फिरले, "उद्या कुनी केरसुणीला हात लावायचा न्हाय." बायकांना ते मरणाहून कठीण. यल्लव्वा नावाची कानडी विणकरीण तर पदरात तोंड लपवून दाराआड उभी राहिली. आप्पांनी साहेबांना तिच्याच घरात नेलं, अदबीनं मागावर बसवलं आणि म्हणाले, "पाय सोडा की आत, साहेब." साहेबांनी सोडले. पोटऱ्या बुडाल्या. चहा त्यांनी तसाच बसून घेतला. माणूस वाईट नव्हता.

गटार मंजूर झालं. उतार मोजायला माणसं आली तेव्हा कळलं, की पाणी ओढ्याकडे काढायला वाट एकच आहे, ती गल्लीच्या टोकाला आप्पांच्या मागाच्या खोलीतून. त्या खोलीतला खड्डा त्यांच्या वडिलांनी खणलेला. उरलेल्या खोलीत माग मावणारा नव्हता. मी म्हणालो, दुसऱ्या वाटेसाठी अर्ज करून बघू.

"नको मास्तर. तवर अजून एक पाऊस जातोय," आप्पा म्हणाले.

खड्डा त्यांनी स्वतःच बुजवला. ते फावड्यानं माती लोटत असताना मला तिथे उभं राहवेना. शाळेची वेळ झाली असं खोटंच सांगून मी निघालो. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढे दुपारचे आप्पा गल्लीतून नुसतेच हिंडत. यल्लव्वाच्या दारात थांबत. तिचा नवरा विणत असायचा. तो पाणी प्यायचं निमित्त करून उठायचा, आणि आप्पा कोरड्या खड्ड्यात पाय सोडून त्याच्या साडीचं चार बोटं काम करून देत. वयानं त्यांचा हात कापू लागला होता, वीण सैल पडायची. आप्पा गेले, की तो तेवढा भाग उसवायचा आणि पुन्हा विणायचा. आप्पा होते तोवर गल्लीत कुणी त्यांना हे कळू दिलं नाही.